आधी वेळापत्रक, मग मुलं: निवासी शाळेतली हळुवार बीएल मांगा काढताना

निवासी शाळेत घडणारी हळुवार बीएल मांगा (बॉइज लव्ह, म्हणजे दोन मुलांमधल्या प्रेमाची जपानी धाटणीची चित्रकथा) काढायला बसलेले बहुतेक जण सुरुवात डोळ्यांपासून करतात. लांब पापण्या, कपाळावर आलेली बट, खिडकीतून येणारं ऊन. चेहरे छान उतरतात आणि दहाव्या पानापर्यंत गोष्ट बसून जाते, कारण त्या दोघांना अडवणारं काहीच नसतं. हवं तेव्हा भेटतात, हवं ते बोलतात. मग हळुवारपणाला जागाच कुठे उरते? या प्रकारात तो येतो घंटेमुळे, हजेरीमुळे, ठरल्या वेळी दिवे घालवत येणाऱ्या रेक्टरमुळे. म्हणून आधी शाळेचं वेळापत्रक आणि इमारतीचा नकाशा करायचा, आणि मगच मुलांना हात घालायचा, असं माझं ठाम मत आहे. खाली ३२ पानांची एक कृष्णधवल गोष्ट डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय.

मुळं ठाऊक असलेली बरी, कारण आज आपण सहज वापरतो ते संकेत कुणीतरी विचारपूर्वक घडवलेत. १९७० साली टोकियोच्या नेरिमा भागात, ओइझुमी इथल्या एका जुन्या भाड्याच्या घरात हागिओ मोतो आणि ताकेमिया केइको या विशीतल्या दोन चित्रकर्ती एकत्र राहू लागल्या. जवळच राहणाऱ्या मासुयामा नोरिए यांच्यामुळे जर्मन लेखक हर्मन हेसेच्या कादंबऱ्या त्या घरात आल्या, आणि त्यांच्यासोबत जर्मन शाळा आणि मुलांमुलांमधली उत्कट मैत्री. त्याच वर्षाच्या अखेरीस ताकेमियांची एक छोटी कथा आली, ती या धारेतली पहिली मानली जाते. हागिओंनी १९७१ मध्ये 'नोव्हेंबरचं गिम्नाझियम' ही कथा केली. तिचा कच्चा आराखडा त्यांनी मुलींची शाळा धरून आणि मुलांची शाळा धरून असा दोन्ही तऱ्हांनी केला होता, आणि ठेवला तो मुलांचा. १९७४ च्या मे ते डिसेंबरमध्ये 'शुकान शोजो कॉमिक' या साप्ताहिकात त्यांचं 'थॉमसचं हृदय' आलं. पहिल्या हप्त्यानंतर वाचकांच्या कौलात ते तळाला होतं, संपादक ते गुंडाळायच्या विचारात होते. त्याच सुमारास हागिओंच्याच 'पो घराणं' या मालिकेच्या पहिल्या पुस्तकाच्या ३०,००० प्रती तीन दिवसांत संपल्या आणि 'थॉमस'ला मुदत मिळाली.

ताकेमियांची 'वारा आणि झाडांचं गाणं' (१९७६ ते १९८४) ही दीर्घ मालिकाही निवासी शाळेतलीच, फ्रान्समधली. मोठी कलाकृती आहे, पण तिच्यात अत्याचार आणि हिंसा भरपूर आहे. हळुवार काही शोधणाऱ्याच्या हाती ती आधी देऊ नये.

शाळा कुठली

'युरोपातली एखादी शाळा' एवढं ठरवून भागत नाही. जर्मनी घेतलीत तर जर्मनीचं वेळापत्रक घ्या. तिथे गिम्नाझियम म्हणजे पुढे विद्यापीठात नेणारी माध्यमिक शाळा, आणि राहण्याची सोय असेल तर ते इंटरनाट. सगळी गिम्नाझियम निवासी नसतात. जुन्या पद्धतीत इयत्तांना लॅटिन नावं होती: पाचवी म्हणजे सेक्स्टा, आणि तिथून चढत शेवटचं वर्ष ओबरप्रिमा. गुण १ ते ६, त्यात १ सर्वांत चांगला. हुशार मुलाच्या वहीवर अभिमानाने ६ काढून ठेवलेली पानं पाहिली की कळतं, गृहपाठ झालेला नाही. पश्चिम जर्मनीच्या बहुतेक राज्यांत १९६६-६७ पर्यंत शालेय वर्ष ईस्टरनंतर सुरू व्हायचं. म्हणजे १९५० च्या दशकातल्या गोष्टीत नवा मुलगा वसंतात येतो, आणि झाडांना कोवळी पालवी दाखवावी लागते.

जपान घेतलंत तर वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. नवा मुलगा चेरीच्या बहरात येतो, शेवटच्या वर्षाची मुलं प्लमच्या दिवसांनंतर जातात. आजच्या जपानात निवासी शाळा मोजक्याच आहेत. आयची प्रांतात गामागोरीला २००६ मध्ये सुरू झालेली काइयो ही मुलांची शाळा इंग्लंडच्या ईटन या निवासी शाळेचा नमुना समोर ठेवून काढलेली आहे. सध्याच्या काळातली गोष्ट करायची असेल तर अशा शाळांच्या दिनक्रमाचा अभ्यास करावा, हॅरी पॉटरच्या वाड्याचा नको.

आता वेळापत्रक. जर्मन शाळेसाठी हे चालतं: सहाला उठणं, साडेसहाला नाश्ता, पावणेआठ ते एक वर्ग (त्या काळी शनिवारीसुद्धा), दुपारी गरम जेवण, अडीचपर्यंत मोकळीक, मग देखरेखीखाली दोन तास मुकाट्याने अभ्यास, ज्याला तिथे सायलेंटियम म्हणतात. सहाला संध्याकाळचं थंड जेवण, ब्रेड आणि चीज. नऊला दिवे बंद. यात दोन मुलं एकमेकांशी मोकळेपणी बोलू शकतील असा वेळ मोजा: दुपारी जेवण उरकून तासभर, सायलेंटियमनंतर दीडेक तास, संध्याकाळच्या जेवणानंतर थोडा, आणि जिन्यातले काही क्षण. गोष्टीचे सगळे महत्त्वाचे संवाद एवढ्यातच बसवायचे. सायलेंटियममध्ये बोलता येत नाही, म्हणून तिथे चिठ्ठी सरकते, पेन्सिल उसनी दिली जाते, शेजारच्याच्या वहीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं जातं. एक पानभर संवादाने होणार नाही ते काम ती पेन्सिल करते.

वेळापत्रक नसलं की काय बिघडतं तेही सांगतो. संवाद लांबतात. कुणी हाक मारणार नाही, घंटा होणार नाही, हे वाचकाला जाणवतं, आणि एका वाक्यात थांबायला हवी होती ती कबुली चार संवादफुग्यांची होते. वाक्य अर्धं राहण्यासाठी बाहेरून काहीतरी यावं लागतं. घंटा हे त्याचं सर्वांत प्रामाणिक कारण आहे, कारण ती रोजच वाजते.

उजेडाकडेही लक्ष द्या. हायडेलबर्गच्या आसपास जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य रात्री साडेआठनंतर मावळतो (१९८० आधी पश्चिम जर्मनीत उन्हाळी वेळ नव्हती, तिथली ही घड्याळं). म्हणजे नऊला दिवे घालवले तरी खिडकीत उजेड शिल्लक असतो आणि दोघांना एकमेकांचे चेहरे दिसतात. डिसेंबरात साडेचारलाच सूर्यास्त. टोकियोत जूनचा सूर्यास्त सातच्या सुमारास, त्यामुळे नऊला तिथे पुरती रात्र. एकच प्रसंग, दिवे गेल्यानंतरचं बोलणं, जर्मनीत जूनमध्ये फिक्या टोनमध्ये (बारीक ठिपक्यांच्या करड्या छटेत) येईल आणि जपानात काळ्या शाईत. हे आधी ठरवलं नाही तर पान १२ वर चेहरा दिसतो आणि पान १३ वर काळोख होतो, आणि का ते कुणालाच सांगता येत नाही.

खोली

खोलीचा नकाशा ग्राफ पेपरवर काढा, १ सेंटिमीटरला ५० सेंटिमीटर या प्रमाणात. दोघांची खोली साधारण ३.६ मीटर बाय ४.५ मीटर. दार कुठे, खिडकी कोणत्या दिशेला, कपाटं, दोन टेबलं, दोन पलंग. पलंग ९० बाय २०० सेंटिमीटर. खिडकी पश्चिमेला ठेवली की शाळा सुटल्यानंतरचं ऊन थेट आत येतं आणि सावल्या लांब पडतात. पूर्वेला ठेवली की सकाळी उठण्याचा प्रसंग उजळतो. दोन्ही मिळणार नाहीत, एकच निवडा.

मग पलंगांमधलं अंतर. आडवं पडून हात बाहेर काढला तर तो पलंगाच्या कडेपलीकडे साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर जातो. दोन पलंगांमध्ये ६० सेंटिमीटर ठेवले तर एकाने हात लांबवला की काम झालं, दुसऱ्याला काही करावंच लागत नाही. १८० ठेवले तर कुणालाच शक्य नाही. १२० सेंटिमीटरला गंमत अशी की दोघांनीही हात पूर्ण ताणला तरच बोटांची टोकं टेकतात. गोष्टीतला सगळ्यात मोठा प्रसंग या एका मापावर उभा राहू शकतो. एकाने हात लांबवलाय, बोटं अंधारात पलंगाच्या कडेपलीकडे लोंबताहेत, आणि दुसरा पाठ करून पडलाय, झोपलाय की जागा आहे हे कळत नाही. पुढच्या पानावर त्याच चौकटीत, त्याच कोनातून, दुसरा हात येतो किंवा येत नाही. अंतर आधीपासून प्रत्येक चौकटीत सारखं दिसत आलं असेल तर वाचकाला ते १२० सेंटिमीटर पाठ झालेले असतात, काही समजावून सांगावं लागत नाही.

जपानी वसतिगृहात दुमजली पलंग घेतलात तर सगळं व्याकरण बदलतं. तिथे दोघं एकमेकांना पाहूच शकत नाहीत. खालच्याला दिसतात वरच्या पलंगाच्या फळ्या आणि गादीला आलेला झोल. वरचा कूस वळला की फळी करकरते. झोप लागली आहे की नाही हे खालच्याला आवाजावरूनच कळतं. अशा खोलीत फुग्याचं शेपूट चौकटीबाहेर, वर किंवा खाली जातं. बोलणारा दिसत नाही, ऐकणारा दिसतो. प्रेमाच्या गोष्टीला हे फार उपयोगी आहे, कारण वाचकाचं लक्ष बोलण्याऐवजी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर राहतं.

दोघं, आणि तिसरा

सगळ्यांचा गणवेश एकच असल्यामुळे पात्रं एकमेकांत मिसळतात. यावर जुना आणि अजूनही सर्वोत्तम उपाय म्हणजे केसांचा रंग वाटून टाकणं: एकाचे पूर्ण काळे, एकाचे कोरे पांढरे, तिसऱ्याचे १० किंवा २० टक्के टोनचे. 'थॉमसचं हृदय'मध्ये काळ्या केसांचा युली आणि फिक्या कुरळ्या केसांचा एरिक पाठमोरे असले तरी ओळखू येतात. त्यापलीकडे अंगलट वेगळी ठेवा. एक बाही कोपरापर्यंत दुमडणारा, एक गळ्यापर्यंत बटण लावणारा. परीक्षा सोपी आहे: सगळी पात्रं आतून काळी भरा आणि नुसत्या छायाकृतींवरून नावं सांगता येतात का ते बघा.

तिसरा मुलगा हवाच. खोलीतला जोडीदार, वर्गप्रमुख, कुणीही. तो नसला की दोघांच्या मनातलं सगळं स्वगतातून सांगावं लागतं आणि पानं जड होतात. तिसरा बघतो आणि ओळखतो, आणि त्याने ओळखलंय हे वाचकाला कळतं. त्याला मत्सरी खलनायक करण्याचा मोह आवरा. 'थॉमस'मधला ऑस्कार सगळं जाणून असतो आणि वाट बघतो. त्या पुस्तकाचा बराचसा जिव्हाळा त्याच्या वाट बघण्यातून आलेला आहे.

पात्रं शाळकरी वयाची आहेत. शारीरिक जवळीक या गोष्टीत येत नाही, सूचकपणेही नाही. हात, पत्र, उसना घेतलेला मफलर, जेवणाच्या रांगेत राखून ठेवलेली जागा, आजारपणात आणून दिलेली वही एवढ्या सामग्रीवर हा प्रकार उभा आहे, आणि ती भरपूर पुरते. जपानी शाळेत आणखी एक वस्तू मिळते. मुलांच्या उभ्या कॉलरच्या काळ्या कोटाला पाच बटणं असतात आणि पदवीदानाच्या दिवशी वरून दुसरं बटण, हृदयाजवळचं, आवडत्या व्यक्तीला द्यायची प्रथा आहे. हे वापरणार असाल तर पहिल्या पानापासून पाच बटणं मोजून काढा. घाईत चार काढलेल्या चौकटी राहून जातात आणि शेवटच्या पानावर हरवलेलं बटण दिसतच नाही.

हळुवार म्हणजे जखम नसलेली गोष्ट, असा एक गैरसमज आहे. 'थॉमस'मध्ये युलीवर पूर्वी फार वाईट प्रसंग गुदरलेला आहे. पण बराच काळ आपल्याला दिसतो तो त्याचा परिणाम: कुणी जवळ आलं की आक्रसणं, स्वतःला प्रेमाला नालायक समजणं. काय झालं ते तो स्वतः शेवटाकडे सांगतो. जखम दाखवायची, जखम करणं दाखवायचं नाही, हा धडा तिथून घ्यावा. मृत्यूचंही तसंच. थॉमस पहिल्या काही पानांतच जातो, आणि उरलेलं पुस्तक जिवंत राहिलेल्यांना त्याचं काय करायचं यावर आहे. मृत्यू शेवटी आणून डोळ्यांतून पाणी काढणं सोपं असतं आणि वाचक ते सहज ओळखतो. निवासी शाळेला स्वतःचे शेवट आहेत: सुट्टी लागते, खोली बदलते, वडिलांची बदली होते, वर्ष संपतं. 'थॉमस'चा शेवटही एक मुलगा ही शाळा सोडून दुसरीकडे शिकायला जातो असाच आहे.

बत्तीस पानं

सेंटर पिनच्या (मधल्या घडीवर पिना मारलेल्या) पुस्तकात पानं चारच्या पटीत लागतात. ३२ पानं या प्रकाराला बरोबर बसतात. १६ मध्ये वेळ जाताना दाखवता येत नाही. मराठी डावीकडून उजवीकडे वाचतो, तेव्हा पुस्तकही तसंच ठेवा. जपानी दिशा उसनी घेतली तर चौकटी उजवीकडून आणि फुग्यातली अक्षरं डावीकडून, अशी वाचकाची ओढाताण होते. आपल्या दिशेत विषम पानं उजवीकडे येतात. पान उलटण्याची उत्सुकता विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत ठेवायची आणि उत्तर सम पानाच्या पहिल्या चौकटीत. हाताचा प्रसंग म्हणून पान २१ च्या तळाशी प्रश्न, पान २२ च्या माथ्यावर उत्तर. कच्चा आराखडा करताना पानं सुटी न काढता दोन-दोन समोरासमोर काढा, नाहीतर हे हमखास चुकतं.

सेंटर पिनमध्ये १६ आणि १७ ही मधली पानं एकाच अखंड कागदावर येतात. दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र करायचं तर तिथेच, कारण बाकी कुठेही दोन्ही अर्धे एक-दोन मिलिमीटर सरकतात आणि चेहरा मधोमध असेल तर नाक वाकडं होतं. बर्फातलं अंगण, रिकामी चॅपेल, पळत जाणारी मुलं असं काहीतरी ठेवा.

साधारण वाटणी अशी जमते: पहिली ६ पानं शाळा आणि नव्या मुलाचं येणं, पुढची ८ दिनक्रम (याला कंजूषी करू नका, इथेच वाचक वेळापत्रक शिकतो), मग मधल्या चित्रासकट ६ पानं काहीतरी बिघडण्याची, ८ हाताचा प्रसंग आणि त्यानंतरची सकाळ, ४ शेवट. एका पानावर ४ ते ६ चौकटी. शब्दांची मर्यादा पानाला ४५. ३२ पैकी निदान ३ पानं पूर्ण निःशब्द. चौकटींमधल्या उभ्या फटी ३ मिलिमीटर आणि आडव्या ६, म्हणजे नजर आधी शेजारी जाते आणि मग खाली. दोन्ही फटी सारख्या ठेवल्या की वाचक तिसऱ्या चौकटीत चुकतो.

फुलांबद्दल एवढंच: सत्तरच्या दशकातल्या पानांवर फुलं दिसतात म्हणून प्रत्येक चेहऱ्यामागे गुलाब टाकू नका. ऋतू बघा. जर्मनीत मेमध्ये लायलॅक, जूनमध्ये लिंडन, सप्टेंबर-ऑक्टोबरात चेस्टनटची फळं. जपानात जूनमध्ये हायड्रेंजिया, सप्टेंबरअखेरीस सुवासिक ओस्मान्थस, हिवाळ्यात कॅमेलिया. चेरीची पाकळी पाकळी उडते आणि कॅमेलियाचं फूल अख्खं गळून पडतं. हा फरक चुकला तर जाणकाराचा विश्वास तिथेच उडतो.

टाक, शाई, टोन

हाताने काढणार असाल तर ए४ कागदावर बी५ मापाची (१८२ बाय २५७ मिलिमीटर) चौकट आखा, त्यात आतली चौकट १५० बाय २२०. बाहेर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये कापून जाणारी जास्तीची कड. ए५ पुस्तकासाठी हे सुमारे ८१ टक्क्यांवर छोटं होतं. कागद गुळगुळीत, १३० ते १६० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम). बाह्यरेषेला जी-पेन निब (दाबाप्रमाणे रेषा जाड-बारीक करणारी), पण फार दाबू नका, या प्रकाराला जाड-बारीक रेषेचा आवेश शोभत नाही. केस, पापण्या, कपड्यांच्या बारीक चुण्या यांना मारू-पेन, ही फार बारीक रेषेची निब. नव्या निबवर तेलाचा थर असतो. तो पुसला नाही तर शाई थेंबाथेंबाने सुटते आणि पहिल्याच रेषेला डाग पडतो. छपाईत ०.१ मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा तुटते, म्हणून मूळ कागदावर ०.१५ च्या खाली जाऊ नका. पापण्या तुटक छापून येतात त्याचं कारण बहुधा हेच असतं.

मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात काम करताना कागद दमट होतो आणि शाई फुटते. पानं बंद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवा, एका वेळी एकच बाहेर काढा, आणि काळे केस भरायचं काम सगळ्यात शेवटी करा, कारण मोठा काळा भाग वाळायला वेळ घेतो आणि तळहात तिथेच टेकतो.

टोन ६० लाइनचा (इंचाला ठिपक्यांच्या ६० रांगा), १० टक्के, हा सर्वांत उपयोगी. गणवेशाला ३० टक्के. ८१ टक्क्यांवर ६० लाइन साधारण ७४ होतात, अजूनही स्वच्छ छापतात. ८५ लाइनचा घेतलात तर १०० पलीकडे जातात आणि साध्या डिजिटल प्रेसवर ठिपके एकमेकांत चिकटतात. दोन टोन एकावर एक लावताना लाइन सारख्याच ठेवा. वेगवेगळ्या असल्या की कापडाच्या विणीसारखी नको असलेली नक्षी उठते. खिडकीतलं ऊन दाखवायला टोन पात्याच्या टोकाने खरवडतात. ठिपक्यांच्या रांगा ४५ अंशात असतात, त्याच दिशेने खरवडलंत तर उजेडाऐवजी पट्टे दिसतात. थोडं तिरकं, ३० किंवा ६० अंशाने चालवा.

संगणकावर काढणाऱ्यांनी थेट छपाईच्या मापात काढावं: ए५ अधिक ब्लीड म्हणजे १५४ बाय २१६ मिलिमीटर, ६०० डीपीआयला ३६३८ बाय ५१०२ पिक्सेल. टोन लावून झाल्यावर पान लहान-मोठं करायचं नाही. ठिपक्यांचं जाळं नव्याने मोजलं गेलं की पुन्हा तीच नको असलेली नक्षी येते.

देवनागरीचे फुगे

जपानी फुगा उभा आणि अरुंद असतो, कारण त्यातला मजकूर वरून खाली जातो. आपला मजकूर आडवा, आणि 'वसतिगृहाच्या' असा शब्द तोडता येत नाही. जपानी पान बघून फुगे काढले की अक्षरं बारीक करावी लागतात आणि शेवटी भिंगातून वाचायची वेळ येते. फुगा रुंद काढा, उंचीच्या दीडपट. जास्तीत जास्त ३ ओळी, ओळीत ३ शब्द. ए५ पुस्तकात ८.५ ते ९ पॉइंट. वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांवर आदळू नयेत म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.३ ते १.४ पट. फुग्याच्या जागा कच्च्या आराखड्यातच मजकूर लिहून ठरवा. चित्र झाल्यावर फुगा बसवायला गेलात की तो काळ्या केसांवरच येतो.

मुक्त मिळणाऱ्या फॉन्टमध्ये 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' संवादाला चांगला, आणि पत्रांना हस्ताक्षरासारखा 'कलम'. फुग्याबाहेर तरंगणारं स्वगत ही सत्तरच्या दशकातल्या शोजो (मुलींसाठीच्या) मांगाची मोठी देणगी आहे. ते मराठीत दोन-तीन शब्दांच्या ओळींत तोडा आणि पांढऱ्या जागेवर ठेवा, टोनवर नको. शिरोरेषा टोनच्या ठिपक्यांत बुडते.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत मजकुराचा कंपोझर (अक्षरं जुळवण्याची सोय) भारतीय लिप्यांसाठीचा निवडला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं हलन्तासकट सुटी पडतात. चित्रकलेच्या काही प्रोग्रॅममध्ये हा पर्यायच नसतो. तिथे झगडत बसू नका. पानं चित्र म्हणून काढून इंकस्केप या मुक्त प्रोग्रॅममध्ये अक्षरं बसवा, आणि प्रेसला देण्याआधी अक्षरांचं रूपांतर आकारात करून टाका. मूळ फाइल मात्र वेगळी ठेवा, कारण त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही.

संवादात एक सांभाळा. वरच्या वर्गातल्या मुलाला आपल्याकडे सहज 'दादा' म्हटलं जातं, आणि या गोष्टीत ते म्हटलं की नातं भावाचं होऊन बसतं. जपानी मुलं सुरुवातीला आडनावाने हाक मारतात आणि नावावर येणं ही मोठी घटना असते. ती घटना एकदाच, मोठ्या चौकटीत, एकट्या शब्दासाठी एक फुगा देऊन वापरा.

प्रेसला जाण्याआधी सगळी ३२ पानं साध्या लेझर प्रिंटरवर ए५ मापात छापा, पिन मारा आणि दिव्याखाली वाचा. कटिंगमध्ये आतली पानं बाहेरच्यांपेक्षा किंचित जास्त कापली जातात, म्हणून कडेपासून ८ मिलिमीटरच्या आत एकही फुगा नको. मग पान २१ वरून २२ वर या. हात दिसण्याआधी पलीकडचा फुगा पातळ कागदातून दिसत असेल तर आतला कागद ७० जीएसएमऐवजी १०० चा मागा, थोडा महाग पडतो. तेवढा खर्च करा.